निळं टोपण

शनिवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी दादाने उजवी बाही वर केली आणि सांगितलं, की उद्या अकराच्या कार्यक्रमात तो इन्सुलिनचं पेन बरणीत टाकणार आहे.

सुई, लॅबमधली रक्त काढणारी बाई, हिने त्याच्या दंडाला रबरी पट्टा बांधला होता. तो बांधलेलाच राहिला.

"कसली बरणी?"

"तुला माहीत नाही? स्टेजसमोर काचेची मोठी बरणी ठेवतात. ज्याला औषधाची गरज उरली नाही, त्याने सगळ्यांसमोर जाऊन औषध तिच्यात टाकायचं. लोक उभं राहून टाळ्या वाजवतात. आपल्या भोंग्याचीच कल्पना. पावडरच्या कंपनीने आता सगळीकडे सुरू केलीय." दादा हसला. "पट्टा सोड की बाई, हात निळा पडला."

तिने पट्टा सोडला आणि पुन्हा बांधला. शीर सापडायला वेळ लागला. दादाचा हात तिला पाठ होता, तरी लागला. तीन महिन्यांत हात बारीक झाला होता.

"किती युनिट घेतोस सध्या?"

"निम्मं. बारा दिवस झाले. भोंगा म्हणाली, एकदम सोडू नकोस, पायरीपायरीने सोड. सकाळ-संध्याकाळ पावडर चालू आहे."

"तहान लागते?"

"लागते. विष बाहेर पडतंय म्हणे."

रक्त तपासणीच्या त्या लॅबमध्ये सुई एकोणीस वर्षं रक्त काढत होती. नाव हॉस्टेलमध्ये पडलेलं. ते ठेवणारी भोंगा, तिची खोलीतली सोबतीण आणि दादाची धाकटी बहीण. भोंग्याचं नाव कुणी ठेवावं लागलंच नाही. ती गेटवरून बोलली की तिसऱ्या मजल्यावरच्या मुली अंथरुणातून उठायच्या. दादा शिंपी. सुईच्या अंगावरचा पांढरा कोटही त्यानेच शिवलेला. आतल्या बाजूला एक जादा खिसा त्याने न मागता दिला होता. "बाईमाणसाच्या कपड्याला खिसा नसतो, ही आमच्या धंद्याची बदमाशी आहे," असं म्हणून.

दादाला अठराव्या वर्षापासून इन्सुलिन होतं. त्याचा आजार वयाने किंवा वजनाने येणारा नव्हता. त्याच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नव्हतं. निम्म्यावर तो ढकलत ढकलत बारा दिवस चालला होता. पूर्ण बंद केलं, तर चार दिवस, फार तर आठवडा. हे सांगायला डॉक्टर असायची गरज नव्हती.

"दादा, पेन टाकू नकोस."

"का?"

"तुझं वेगळं आहे. भोंग्याचं वेगळं."

"भोंग्याची साखर दहा पॉइंट आठवरून पाच पॉइंट पाचवर आली ना? तीन महिन्यांत?" दादाने कापूस कोपरात दाबून धरला. "आणि त्या दोन्ही रिपोर्टांवर सही कुणाची आहे? दुसऱ्या कुणाची असती, तर मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नसतं. तुझी आहे म्हणून."

बाहेर सात जण रांगेत होते. केबिनचं दार उघडं होतं आणि आत मॅडम, म्हणजे लॅबच्या मालक डॉक्टर, चष्मा पुसत बसल्या होत्या. दादा खुर्चीतून उठायच्या आत सुईने दोन्ही ट्यूबना स्टिकर लावले, समोर धरून त्याला नाव वाचायला लावलं आणि मग त्या रॅकमध्ये ठेवल्या. या नियमात गेले सोळा महिने ती एकदाही चुकली नव्हती. त्याच्या आधी एकदा चुकली होती.

नऊ वाजता आकडा आला. उपाशीपोटी तीनशे अठ्ठेचाळीस. मॅडमनी स्वतः फोन करून दादाला झापलं. तो "हो मॅडम, हो मॅडम" म्हणाला. मॅडमना ते पटलं. सुईला नाही पटलं. दादा गिऱ्हाइकांना "शुक्रवारी देतो" म्हणायचा, तोही याच आवाजात.

*

सोळा महिन्यांपूर्वीची गोष्ट अशी होती.

लॅबच्या इमारतीचा वॉचमन गेट सोडून वर येऊ शकत नसे. त्याची तीन महिन्यांची सरासरी साखर, टक्क्यांत येते ती, तपासायची होती. सुई खाली गेली, त्याच्या स्टुलावरच त्याचं रक्त काढलं आणि जांभळ्या टोपणाची ट्यूब कोटाच्या आतल्या खिशात टाकली. दादाने दिलेल्या त्याच खिशात. जिन्यात भोंगा भेटली. ती भेटायला आली होती, पण आल्यासारखी तिचीही तपासणी करून टाकू म्हणाली. वडिलांना साखर होती, पाय कापावा लागला होता, त्यातून ते उठले नव्हते. पस्तिशीनंतर भोंगा दर वर्षी भीत भीत रक्त द्यायची. सुईने तिला जिन्याच्या खिडकीतल्या कट्ट्यावरच बसवलं. भोंगा नवऱ्याच्या नकला करत होती. दोघी हसत होत्या. ती ट्यूबही त्याच खिशात गेली.

वर येऊन तिने दोन स्टिकर छापले आणि दोन ट्यूबना लावले. कुठली कुठली हे तिला त्या वेळी पक्कं ठाऊक होतं.

भोंग्याची साखर दहा पॉइंट आठ निघाली. वॉचमनची पाच पॉइंट पाच.

दोन दिवसांनी वॉचमनच्या डॉक्टरांचा फोन आला. या माणसाची साखर आठ वर्षांत नऊच्या खाली आलेली नाही, तुम्ही काय पाठवलंय? सुईने वॉचमनचं रक्त पुन्हा घेतलं. दहा पॉइंट नऊ. मग फ्रीजमधली जुनी ट्यूब काढली, भोंग्याचा स्टिकर असलेली, आणि तिचा रक्तगट तपासला. ट्यूबमधलं रक्त ओ होतं. भोंगा बी. हॉस्टेलमध्ये रक्तगट करायला शिकताना सुईने पहिलं बोट भोंग्याचंच टोचलं होतं.

म्हणजे भोंग्याला काहीच झालं नव्हतं.

लॅबमध्ये एक वही होती. चुकांची वही. जी चूक होईल ती त्याच दिवशी, करणाऱ्याच्या हाताने, कारणासकट. वही मॅडमची होती आणि मॅडमचा स्वभाव असा, की लिहिलेल्या चुकीला त्या रागवत आणि न लिहिलेल्या चुकीला घरी पाठवत. सुईने पान एकेचाळीसवर वॉचमनचं नाव लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, "सॅम्पल गोठलं. पुन्हा घेतलं." खुर्चीबाहेर, नोंदणीआधी, खिशात घातलेल्या ट्यूबा हे कारण लिहिलं, तर रागावण्यावर भागणार नाही, नोकरीच जाईल, असं तिला वाटलं.

संध्याकाळी तिने भोंग्याला फोन लावला. सांगायचं ठरवूनच लावला. पण भोंगा आधी बोलली. रात्रभर रडले, म्हणाली. मग कुणीतरी एक पावडर सांगितली, ती सुरू केली. चालायला लागले. गोड बंद. "सुई, मला पहिल्यांदा वाटतंय, की बाबांसारखं होणार नाही माझं."

सुईने हिशेब केला, की तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, साखर नॉर्मल येईल, ही खूश होईल, विषय संपेल. झाकली मूठ. कुणाचं काय बिघडणार होतं?

तीन महिन्यांनी पाच पॉइंट पाच आली. भोंगा लॅबमध्ये नाचली. दोन्ही रिपोर्ट तिने प्लॅस्टिकमध्ये घालून घेतले. पुढे ते भिंतीवर दिसू लागले, पडद्यावर, फोनवर, अनोळखी माणसांच्या फोनवर. खाली कोपऱ्यात सुईची बारीक सही. भोंगा त्या पावडरच्या कंपनीची मेंबर झाली होती; तिच्या हाताखाली आता पावडर विकणारी तीनशे बारा माणसं होती, त्यांच्या हाताखाली आणखी. सुईच्या सासूबाईंनाही भोंगा एक डबा देऊन गेली होती. सासूबाईंनी ती पावडर गॅलरीतल्या कुंडीत घातली. झाड फोफावलं, तेव्हा म्हणाल्या, "झाडालाच मेंबर करून घ्या म्हणावं. पुढच्या फांद्या तेच लावेल."

सुई तेव्हा हसली होती. या झाडाचं बी कुणी पेरलं ते सासूबाईंना माहीत नव्हतं.

*

त्या शनिवारी चार वाजता सुई भोंग्याच्या घरी पोचली. दिवाणखान्यात बसायला जागा म्हणजे खोक्यांची एक रांग आणि एक खुर्ची. सोफा विकून टाकला होता. भिंतीवर मोठा कागद: वर भोंग्याचा फोटो, खाली रेघा, रेघांना टांगलेली माणसं. एका चौकोनात दादा होता. त्याच्याभोवती लाल वर्तुळ.

"ये गं. चहा टाकते, बिनसाखरेचा," भोंगा स्वयंपाकघरातून ओरडली. शेजारच्यांनाही तो चहा आपल्यालाच विचारला, असं वाटलं असेल. "उद्या येतेयस ना? तुला स्टेजवर बोलवायचं माझ्या डोक्यात आहे. जिने माझं रक्त काढलं तो हात! लोक वेडे होतील."

"दादाची साखर तीनशे अठ्ठेचाळीस आहे."

"माहीत आहे. तुझ्या मॅडमचा दादाला फोन आला होता. सुरुवातीला वाढते. मग उतरते. वरच्यांनी आम्हाला शिकवलंय, पंधराव्या दिवशी लोक घाबरतात आणि तिथेच हरतात."

"वरचे कोण? डॉक्टर आहेत?"

"बघ, आलीस ना त्याच्यावर." भोंग्याने कप ठेवले. ती चिडली नव्हती, तयार होती. "सुई, मला ना, तुझं ऐकायचं आहे. खरंच. तुला भीती कशाची वाटते ते सांग."

हे वाक्य भोंग्याचं नव्हतं. सुईला ते वाक्य ऐकू आलं, दुसऱ्याच्या मापाचा कपडा घालून आल्यासारखं. आधीच्या मैत्रिणींबरोबर काय झालं ते तिला माहीत होतं. एकीने पावडरीवर लेख पाठवला, दुसरीने फसवणूक हा शब्द वापरला. दोघी आता भोंग्याच्या यादीत "नकारात्मक" होत्या. म्हणून सुई सव्वा वर्ष वाद न घालता टिकली होती. वाढदिवसाला जायची, डबा घ्यायची, कंपनीचं नाव काढायची नाही. भोंगा कधी बाहेर आली तर दारात आपण उभं असावं, असं ती स्वतःला सांगायची. खरं कारण पान एकेचाळीसवर होतं.

"उद्या त्याने पेन टाकलं नाही तर तुझं काय होईल?" तिने विचारलं.

भोंग्याने भिंतीवरच्या लाल वर्तुळाकडे पाहिलं. "घरातलं माणूस उभं राहिलं तरच पुढची पायरी. परक्यांना सांगता आणि तुमचा भाऊ सुई टोचून घेतो, असं विचारतात लोक. बरोबरच आहे त्यांचं."

"तू कधी आजारीच नव्हतीस."

"काय?"

"तुझा पहिला रिपोर्ट. तो तुझा नव्हता." एकदा तोंड उघडल्यावर ते सोपं झालं. वॉचमन, जिना, खिसा, रक्तगट, दहा पॉइंट नऊ. तिने तारखेसकट सांगितलं. वॉचमनच्या दोन्ही रिपोर्टांचे फोटो फोनवर दाखवले. त्याच्या नावावर छापलेला पाच पॉइंट पाच आणि दोन दिवसांनंतरचा दहा पॉइंट नऊ.

भोंग्याने फोन हातात घेतला नाही. लांबूनच पाहिलं.

"मला तीन महिने रोज रात्री बाबांचा पाय दिसायचा," ती म्हणाली. आवाज नेहमीच्या निम्माही नव्हता. "आणि तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी तुझ्या लॅबमध्ये नाचले."

"हो."

"तू टाळ्या वाजवल्यास, सुई."

सुईला ते आठवत नव्हतं. पण वाजवल्या असणार.

भोंगा उठली. खोक्यांच्या रांगेपर्यंत गेली, एकाची चिकटपट्टी नखाने सरळ केली. परत आली तेव्हा पाठ ताठ होती. "ठीक आहे. एक ट्यूब चुकली. माझी. माझ्याखाली तीनशे बारा जण आहेत. त्यांतल्या कुणाचा गुडघा बरा झाला, कुणाची झोप. त्यांच्याही ट्यूबा तुझ्या खिशात होत्या का?"

"मी त्यांचं बोलत नाहीये. दादाचं बोलतेय. भोंगे, चार दिवसांत जाईल तो."

"ओरडू नकोस."

ओरडत कुणीच नव्हतं.

"दादाला मी सांगते," भोंगा शेवटी म्हणाली. "माझा भाऊ आहे. माझ्या तोंडून ऐकू दे. पेन टाकणार नाही तो. पण तू उद्या येऊ नकोस. हॉलमध्ये तुझं तोंड बघून मला बोलता येणार नाही."

"शपथ?"

"आपण काय हॉस्टेलमध्ये आहोत?" भोंगा म्हणाली. आणि मग, दार लावताना, "शपथ."

साडेसात वाजता सुईने दादाला फोन केला. भोंग्याने उचलला. दादा आज तिच्याकडेच राहणार होता, उद्या एकत्र निघायचं होतं. झोपलाय म्हणाली. शिंप्याच्या दुकानाचं शटर नऊच्या आत कधी पडत नाही, आणि हा साडेसातला झोपला होता.

"सांगितलंस?"

"सांगते म्हटलं ना."

मागे कुणीतरी पाणी मागत होतं. दादाचाच आवाज. मग फोन बंद झाला.

*

रविवारी आठ वाजता लॅब अर्धा दिवस उघडते. सुईने चुकांची वही काढली. पान एकेचाळीसवर "सॅम्पल गोठलं" यावर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी सोळा महिन्यांनंतरची तारीख घालून खरं कारण लिहिलं. अकरा ओळी झाल्या. खाली सही केली. त्या दोन रिपोर्टांवरच्या सहीसारखीच ती आली, बारीक, उजवीकडे झुकलेली. वही तिने मॅडमच्या टेबलावर उघडी ठेवली, पेपरवेट ठेवून. मॅडम सोमवारी येणार होत्या.

दहा पन्नासला ती हॉलच्या शेवटच्या रांगेत होती.

हॉल लग्नकार्याचा असावा. छताला झुंबरं, खुर्च्यांना पांढरे झगे. दोनेकशे माणसं. कुणी कामाच्या गणवेशात आलेलं, कुणी मूल कडेवर घेऊन. वाईट कुणीच दिसत नव्हतं. सुईच्या शेजारच्या बाईने स्वतःहून पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारलं, "पहिल्यांदाच? घाबरू नका. मीपण पहिल्यांदा मागेच बसले होते."

स्टेजसमोर टेबलावर बरणी होती. तळाला गोळ्यांच्या पट्ट्या, दोनतीन बाटल्या, एक दम्याचा पंप.

अकरा वाजून सात मिनिटांनी पडद्यावर दोन रिपोर्ट आले. दहा पॉइंट आठ. पाच पॉइंट पाच. सही भिंतीवर हातभर मोठी दिसत होती.

भोंगा माइकवर होती, तरी माइकची गरज नव्हती. "हा आकडा आला त्या रात्री," ती म्हणाली, "मला माझ्या वडिलांचा पाय दिसला." तिने हे शंभर वेळा सांगितलं असेल, पण आज मध्येच अडखळली. पडद्याकडे वळून तिने आकड्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. पुढच्या रांगेतून एका सूटवाल्या माणसाने, वरच्यांपैकी असावा, हाताने पुढे चल अशी खूण केली.

"आज," भोंगा म्हणाली, "माझा भाऊ."

दादा पहिल्या रांगेतून उठला. स्वतः शिवलेला कोट अंगात होता. तो खांद्यावर ढिला पडला होता. ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या खांद्याची मापं घेतली, त्याचाच कोट मापात नव्हता. बरणीपर्यंत सहा पावलं होती. पाच पावलांनंतर त्याने टेबलाचा आधार घेतला. खिशातून पेन काढलं, निळ्या टोपणाचं.

सुई उभी राहिली होती. कधी, ते तिला कळलं नाही.

"दादा, थांब. तो रिपोर्ट चुकीचा आहे. ती सही माझी आहे. ट्यूबांची अदलाबदल झाली होती. भोंग्याला साखर कधीच नव्हती."

माइकशिवाय तिचा आवाज अर्ध्या हॉलपर्यंत गेला. माना वळल्या. सूटवाला हसत उठला; अशा प्रसंगांचीही त्यांना सवय असावी.

"बघा," तो माइकवर म्हणाला, "आपण पुढे निघालो की आपलीच माणसं कोट धरून मागे ओढतात. मॅडम, आमचा तुमच्यावर राग नाही. टाळ्या वाजवा त्यांच्यासाठी!"

आणि हॉलने टाळ्या वाजवल्या. जोरात, मनापासून. शेजारची बाईही वाजवत होती, तिच्याकडे दयेने बघत. त्या आवाजात सुई पुढे काय बोलली, ते तिलाच ऐकू आलं नाही. ती बोलत राहिली. वॉचमन म्हणाली, बी म्हणाली, ओ म्हणाली. मधल्या वाटेने पुढे निघाली, तर दोन स्वयंसेवक आडवे आले. नम्रपणे आले. "ताई, पाणी घेता? बाहेर बसू या का?" एकाने कोपराला हात लावला.

त्यांच्या खांद्यांमधून तिला जे दिसलं ते इतकंच: दादा बरणीशी उभा होता आणि बहिणीकडे बघत होता. तोंड उघडून काहीतरी एकच शब्द विचारत होता. भोंग्याने माइक खाली केला होता. हॉलमधल्या दोनशे माणसांत टाळ्या न वाजवणारी ती एकटी.

मग उभ्या माणसांच्या पाठी आड आल्या.

पंचवीस मिनिटं तिला बाहेर पायरीवर बसवून ठेवलं. पाणी दिलं, माहितीपत्रकही दिलं. अकरा पन्नासला जेवणासाठी दारं उघडली तेव्हा ती गर्दीच्या उलट दिशेने आत शिरली. स्टेज रिकामं. पहिली रांग रिकामी. दादा नाही, भोंगा नाही. सूटवाला फोनवर कुणाला तरी विचारत होता, ती गेली कुठे, मागच्या दाराने का सोडलंत?

बरणी तिथेच होती. सुईने काचेला नाक लावून पाहिलं. पट्ट्या, बाटल्या, पंप. सगळ्यांत वर एक निळं टोपण.

फक्त टोपण. पेन नव्हतं. तिने बरणी फिरवून पाहिली, तळापर्यंत. एका स्वयंसेवकाने ती हळूच तिच्या हातातून काढून घेतली.

टोपणाशिवाय पेन चालतं. हे तिला माहीत होतं. पण दादाने टोपण बरणीत टाकून पेन वाचवलं, की पेन कुठेतरी फेकलं आणि टोपण तेवढं बरणीत पडलं, हे टोपणावरून कळत नव्हतं.

*

दिवसभर दादाचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. भोंग्याचा बंद होता. संध्याकाळी सुई दुकानावर गेली. शटरला कुलूप. समोरच्या इस्त्रीवाल्याने सांगितलं, शनिवारपासून आलाच नाही, माझ्या पॅंट्स आहेत त्याच्याकडे, भेटला तर सांगा. भोंग्याच्या घरी बेल वाजवली. नवऱ्याने दार उघडलं. तो म्हणाला, मलाच विचारताय, मी तुम्हाला विचारणार होतो.

जवळच्या दोन हॉस्पिटलांत तिने फोन केले. त्या नावाचं कुणी दाखल नव्हतं.

शेवटी तिने वॉचमनच्या रिपोर्टांचे दोन्ही फोटो भोंग्याला पाठवले. खाली लिहिलं, "रागाव. पण त्याला इन्सुलिन दे. पूर्ण डोस. मग कॅज्युअल्टीत ने." रात्री झोपताना शेजारी एकच खूण होती. मेसेज पोचला नव्हता.

सोमवारी पहाटे सहा वाजून बावीस मिनिटांनी खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही.

सात वीसला ती लॅबच्या गेटवर पोचली. वॉचमन स्टुलावरून उठला.

"ताई, तुमच्याकडे येणाऱ्या एक बाई येऊन गेल्या. सात वाजता. माझे सोळा महिन्यांपूर्वीचे साखरेचे कागद मागत होत्या. मी पेटीत ठेवतो सगळे, दाखवले. पुष्कळ वेळ बघत बसल्या, इथंच, माझ्या स्टुलावर. मग विचारलं, त्या दिवशी तुमचं रक्त कुठे काढलं? म्हटलं, जिथं बसलात तिथंच."

"मोठ्याने बोलणाऱ्या होत्या?"

"छे. कान लावून ऐकावं लागत होतं."

"एकट्या?"

"गाडी होती. मागच्या सीटवर एक माणूस होता. डोकं काचेला टेकवून."

"जागा होता?"

वॉचमनने विचार केला. त्याला खोटं बोलायचं नव्हतं. "काच काळी होती, ताई."

"कुठल्या बाजूला गेली गाडी?"

त्याने डावीकडे बोट दाखवलं. डावीकडच्या रस्त्यावर पहिल्या चौकात मोठं हॉस्पिटल आहे. त्याच रस्त्याने पुढे कंपनीचं गोदाम लागतं.

सुई फोन काढून हॉस्पिटलचा नंबर शोधू लागली. वर लॅबचं दार उघडल्याचा आवाज आला. मॅडम आज लवकर आल्या होत्या. जिन्याच्या तोंडाशी येऊन त्यांनी खाली वाकून हाक मारली, नेहमीच्या आवाजात, हातात वही होती. "जरा वर ये."

"आले, मॅडम," सुई म्हणाली आणि नंबर लावला. पलीकडे रिंग वाजत होती. सात वाजून चोवीस मिनिटं झाली होती.